फी परवडत नव्हती म्हणून डॉक्टर झालेल्या माणसानं जगाला डोळ्याच्या आत बघायला शिकवलं

पोराच्या चष्म्याचा नंबर काढायला गेलं की डॉक्टर एका छोट्या यंत्रातून डोळ्यात उजेड टाकून बघतात. आता याचं कुणाला नवल वाटत नाही. पण 1850 पर्यंत जिवंत माणसाच्या डोळ्यामागचा पडदा नीट बघायची सोयच नव्हती. बाहुली काळी दिसायची आणि विषय तिथंच संपायचा.

हे बदललं हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी.

31 ऑगस्ट 1821 रोजी जर्मनीतल्या पॉट्सडॅममध्ये त्यांचा जन्म झाला. वडील शाळामास्तर, घरची परिस्थिती बेताची. पोराला शिकायचं होतं फिजिक्स, पण तो खर्च वडिलांना झेपणारा नव्हता. बर्लिनमध्ये लष्करी डॉक्टर घडवणारी सरकारी संस्था होती. सरकारी खर्चानं शिका आणि नंतर काही वर्षं सैन्यात नोकरी करा, असा तिथला हिशोब. हर्मन तिथं दाखल झाले.

फिजिक्स मात्र डोक्यातून गेलं नाही. सैन्यात डॉक्टर असतानाच, 1847 मध्ये, त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवर गाजलेला निबंध लिहिला. 1849 मध्ये ते क्योनिग्सबर्ग इथं प्राध्यापक झाले. तिथं विद्यार्थ्यांना डोळा शिकवायची तयारी करताना त्यांना एक गोष्ट लक्षात आली.

डोळ्यात गेलेला प्रकाश आला त्याच वाटेनं परत फिरतो. तो बघायचा तर आपलं डोकं दिव्याच्या वाटेत न्यावं लागतं, आणि डोकं मध्ये आलं की उजेडच अडतो. मग त्यांनी काच तिरकी धरली. दिव्याचा उजेड काचेवर आपटून डोळ्यात जायचा आणि परत येणारा प्रकाश त्याच काचेतून आरपार बघणाऱ्यापर्यंत पोचायचा. चष्म्याच्या काचा, पुठ्ठा आणि मायक्रोस्कोपच्या पातळ काचा एवढ्यावर काम झालं. 1851 मध्ये त्याची माहिती छापून आली. हाच ऑप्थॅल्मोस्कोप.

पुढचं यंत्र होतं ऑप्थॅल्मोमीटर. बुबुळावरच्या पारदर्शक कॉर्नियात दिसणारं प्रतिबिंब किती लहान-मोठं आहे ते मोजायचं आणि त्यावरून कॉर्नियाचा बाक काढायचा. जवळचं बघताना डोळ्यातला स्नायू आकसतो आणि भिंग जास्त फुगीर होतं, हेही हेल्महोल्ट्झ यांनी मांडलं.

याचा लहान मुलांशी काय संबंध?

1860 च्या दशकात हर्मन कोन या डॉक्टरांनी ब्रेस्लाऊ, म्हणजे आजच्या पोलंडमधलं व्रोत्सवाफ, इथल्या आणि आसपासच्या 10,060 शाळकरी मुलांचे डोळे तपासले. जवळचं दिसतं पण लांबचं नाही, अशी मुलं खेड्यातल्या शाळांत शंभरात एक-दोनच होती. गिम्नॅजियममध्ये, म्हणजे शहरातल्या वरच्या शाळांत, हे प्रमाण सुमारे 26 टक्के निघालं.

अशा बहुतेक मुलांमध्ये डोळ्याचा गोळा पुढून मागे गरजेपेक्षा लांब होतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण 24 मिलिमीटर लांब असतो. लांबी 1 मिलिमीटर जास्त झाली तरी नंबर अडीच-तीनने वाढू शकतो. म्हणून आता मुलांच्या डोळ्याची लांबी प्रकाशकिरणांनी, डोळ्याला हात न लावता मोजतात. पण नुसती लांबी बघून भागत नाही, कारण मोठ्या डोळ्याचा कॉर्निया सपाट असेल तर नजर ठीकही असू शकते. त्यामुळं लांबीच्या जोडीला कॉर्नियाचा बाक लागतो, आणि तो मोजायची पद्धत हेल्महोल्ट्झ यांच्याच वाटेवरची.

नंबर काढण्याआधी मुलांच्या डोळ्यात थेंब घालतात त्याचं कारणही त्या भिंगातच आहे. मुलांचं भिंग पटकन फुगतं आणि नसलेला मायनस नंबर दाखवतं. थेंबांनी स्नायू सैल पडला की खरा नंबर कळतो.

1871 मध्ये हेल्महोल्ट्झ बर्लिनला प्राध्यापक झाले, तेही फिजिक्सचे. 8 सप्टेंबर 1894 रोजी ते गेले.

ज्या मुलाला लांबचं कधी स्पष्ट दिसलंच नाही, त्याला सगळ्यांना असंच दिसतं असं वाटतं. ते तक्रार करत नाही. फळ्यावरचं चुकीचं उतरवून घेणं, डोळे बारीक करून बघणं, टीव्हीला चिकटून बसणं, एवढंच घरच्यांना दिसतं. ते दिसलं की रागावण्याआधी डोळे तपासून घ्यावेत.