गणेशखिंडीतील विद्यामंदिराचे पहिले कुलगुरू : बॅरिस्टर मुकुंदराव जयकर

कसबा पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हां मंडळींस वाड्यांचा उदय आणि अस्त हा विषय नवा नाही. आमच्या पेठेस लागूनच असलेल्या शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला, १८१७ च्या नोव्हेंबरात त्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि १८२८ च्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या. आज तट, बुरूज आणि दिल्ली दरवाजा पाहून आपण मागील वैभवाची कल्पना करतो. परंतु याच पुण्यात सत्ताधीशांची दुसरीही एक वास्तू आहे. तिचे धनी गेले, तरी ती ओस पडली नाही, उलट विद्येचे माहेरघर बनली. ती वास्तू म्हणजे गणेशखिंडीतील पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, आणि तेथे विद्यापीठाचा संसार ज्यांनी प्रथम मांडला ते पुरुष म्हणजे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. त्यांच्या चरित्राचा अल्प परिचय आपल्या ज्ञातिबांधवांस करून द्यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या वास्तूविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यास मुक्कामास येत. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत, १८६४ साली, जेम्स ट्रबशॉ या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार या दगडी प्रासादाचे काम सुरू झाले व ते १८७१ साली पुरे झाले. त्यावर झालेल्या अफाट खर्चाबद्दल इंग्रज सरकारच्या गोटातही टीका झाली होती. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ येथेच झाला, आणि त्या रात्री परतीच्या वाटेवर गणेशखिंड रस्त्यावर रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. सामान्य पुणेकरास हा प्रासाद म्हणजे परक्या सत्तेचे दूरवर दिसणारे एक शिखर होते. तेथे त्याच्या मुलास मुक्तद्वार मिळेल, असे त्या काळी कोणाच्या स्वप्नीही नसेल.

मुकुंदरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ रोजी झाला. ते पाठारे प्रभू या मुंबईतील छोट्याशा, परंतु विद्याव्यासंगी ज्ञातीतील. मुंबईस उच्च शिक्षण घेऊन ते विलायतेस गेले आणि १९०५ साली बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टात त्यांनी चांगला लौकिक मिळविला. कायद्याइतकाच संस्कृत विद्या व वेदान्त यांचा त्यांस ओढा होता.

१९१९ साली जालियनवाला बागेचे हत्याकांड घडले. पंजाबातील अत्याचारांच्या चौकशीसाठी काँग्रेसने जी समिती नेमली, तीत महात्मा गांधी, चित्तरंजन दास व अब्बास तय्यबजी यांच्या बरोबरीने जयकरांनी काम केले. पुढे ते स्वराज्य पक्षाच्या वतीने मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. परंतु मतभेद होताच तात्यासाहेब केळकर व डॉ. मुंजे यांच्यासह त्यांनी प्रतियोगी सहकारितेचा निराळा मार्ग धरला. १९२७ साली नेमलेल्या रस्ते सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. पेट्रोलवरील जादा कराच्या उत्पन्नातून रस्त्यांसाठी मध्यवर्ती निधी उभारण्याची योजना याच समितीच्या शिफारशीतून निघाली.

तथापि जयकरांचे नाव सर्वतोमुखी झाले ते मध्यस्थ म्हणून. १९३० साली सर तेजबहादूर सप्रू यांच्या समवेत त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या भेटी घेतल्या. तो प्रयत्न फसला. पण १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराच्या वेळी, आणि १९३२ च्या पुणे करारासही, या जोडीचे साहाय्य झाले. मध्यस्थाच्या वाट्यास यश थोडे आणि दूषण फार येते. सरकारास ते काँग्रेसचे वाटत आणि काँग्रेसच्या अनुयायांस ते सरकारचे! १९३७ साली ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले व १९३९ साली प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर त्यांची नेमणूक झाली. १९४६ च्या डिसेंबरात घटना समितीत उद्दिष्टांचा ठराव आला, तेव्हा मुस्लिम लीग व संस्थाने येईपर्यंत तो पुढे ढकलावा, अशी उपसूचना त्यांनी मांडली. ती सभेस रुचली नाही, आणि लवकरच ते घटना समितीतून बाहेर पडले. वयाची त्र्याहत्तर वर्षे उलटलेल्या गृहस्थाने आता स्वस्थ बसावे, असेच कोणीही म्हटले असते.

परंतु त्यांच्या हातून व्हावयाचे सर्वांत टिकाऊ कार्य पुढेच होते. १८५७ पासून आपल्याकडील महाविद्यालये मुंबई विद्यापीठास जोडलेली असत; डेक्कन, फर्ग्युसन, सर परशुरामभाऊ यांसारखी महाविद्यालये पुण्यात असूनही पुण्यास स्वतःचे विद्यापीठ नव्हते. १९४२ साली मुंबई सरकारने महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठाचा विचार करण्यास समिती नेमली, तिचे अध्यक्ष जयकरच होते. १९४८ साली विद्यापीठाचा कायदा झाला, १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले आणि कुलगुरुपदाची धुरा जयकरांवर आली. आरंभी कचेरी भांडारकर संस्थेच्या आवारातील निजाम अतिथिगृहात होती. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या आस्थेमुळे गणेशखिंडीची चारशे एकरांहून अधिक जागा मिळाली, आणि १ जून १९४९ पासून विद्यापीठाचा कारभार गव्हर्नरांच्या प्रासादातून सुरू झाला.

पंचाहत्तरी उलटल्यावर आरंभिलेले हे काम जयकरांनी १९५६ पर्यंत केले. बारा जिल्ह्यांतील महाविद्यालयांची व्यवस्था लावणे, नवे विभाग उघडणे, ग्रंथसंग्रह वाढविणे ही कामे गाजावाजाची नव्हेत. तरीही विद्यापीठाचे ग्रंथालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १० मार्च १९५९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. ज्या वाटाघाटींनी त्यांस कीर्ती दिली, त्या आता इतिहासाच्या पुस्तकात गेल्या; पण त्यांनी रुजविलेल्या रोपाच्या सावलीत लक्षावधी विद्यार्थी शिकून गेले.

२०१४ साली या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. आमच्या शेजारच्या बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. आणि बरोबर शंभर वर्षांनी विद्यापीठाचा कायदा झाला. हा योग मनात ठेवून आपल्या मुलामुलींस ती इमारत अवश्य दाखवावी. मनोरा पाहावा, कमानींखालून चालावे, आणि हे सारे कोणाच्या करातून उभे राहिले व कोणासाठी खुले झाले, ते त्यांस समजावून सांगावे.

जयकर आपल्या ज्ञातीचे नव्हते. किंबहुना ते एका लहान ज्ञातीत जन्मले आणि बारा जिल्ह्यांच्या लेकरांसाठी झटले, हेच आपण लक्षात घ्यावयाचे. ज्ञातिसंस्थेचे कार्य घरच्या दिव्यासारखे आहे. तो घर उजळतो हे खरे, पण त्याच्या उजेडात शिकलेल्या मुलाने पुढे साऱ्या गावाच्या उपयोगी पडावे. आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीतून शिकणारा प्रत्येक विद्यार्थी हे ऋण ओळखील, तर वर्गणी देणाऱ्यांचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.