मेंडेल आणि न मिसळणारे गुण

दुधात पाणी मिसळावे तसे आईबापांचे गुण संततीत मिसळतात, असा एकोणिसाव्या शतकात समज होता. तो खोटा ठरवणारे ग्रेगोर मेंडेल (१८२२–१८८४) शेतकऱ्याचे पुत्र. धाकट्या बहिणीने, थेरेझियाने, हुंड्यासाठी ठेवलेल्या रकमेतला वाटा दिला, म्हणून ते शिकले. पुढे ब्रनोच्या ख्रिस्ती मठात राहिले. तिथल्या बागेत त्यांनी गोल व सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सारे दाणे गोल. दुसरीत मात्र ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले! म्हणजे गुण विरघळला नव्हता, दबून होता. १८६६ चा तो निबंध जगाने १९०० साली ओळखला. मला मात्र त्या शोधामागे थेरेझिया दिसते. मेंडेलनी तिच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावून ते ऋण फेडले.