शरणागतीची चोवीस वर्षे

कीर्तनात शरणागतीचे निरूपण लावले की श्रोत्यांना गजेंद्र आठवतो, बिभीषण आठवतो, भरल्या सभेत दोन्ही हात वर करून श्रीकृष्णाचा धावा करणारी द्रौपदी आठवते. हे प्रसंग रंगवून सांगणे कथेकऱ्याला सोपे जाते. कारण तेथे भक्त हाक मारतो आणि लागलीच देव धावून येतो. परंतु एकदा हाक मारल्यावर ज्याला पुढे चोवीस वर्षे उन्हातान्हातून चालावे लागले, त्या शरणागताची कथा सांगणे अवघड असते. अशी एक कथा आज नाताळच्या सणानिमित्त वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ती रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांची होय.

देवळाच्या सभामंडपात उभे राहून हरिकथा करणाऱ्याने ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाचे चरित्र का सांगावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. टिळकांनी धर्म बदलला हे योग्य की अयोग्य, ह्या वादात आम्ही शिरत नाही. आपल्या शास्त्रकारांनी शरणागतीची सहा अंगे सांगितली आहेत. देवाला रुचेल तेच करण्याचा संकल्प, न रुचेल त्याचा त्याग, तो राखील हा विश्वास, राखणारा म्हणून त्याचीच निवड, स्वतःला त्याच्या हाती सोपविणे आणि आपल्या दुबळेपणाची जाणीव, ही ती अंगे. ह्या सहाही कसोट्यांना उतरलेला मनुष्य ज्या घरी दिसेल त्या घरी जाऊन त्याला नमस्कार करावा, असे आम्हांला वाटते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. तिचे छत्र नारायणाच्या लहानपणीच हरपले. आईवेगळा मुलगा घर सोडून नाशकास आला आणि वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी संस्कृत काव्याचे अध्ययन करू लागला. पुढे इंग्रजी शाळेतही तो काही काळ शिकला. १८८० साली त्याचा विवाह त्र्यंबकेश्वराजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी झाला. नवरा अठरा वर्षांचा, नवरी अकरा-बारा वर्षांची. सासरी मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. हीच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणारी लक्ष्मीबाई टिळक.

लग्नानंतरची वर्षे अस्थिरतेत गेली. टिळकांनी शिक्षकाची नोकरी केली, पौरोहित्य केले, छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम केले. बुद्धी तल्लख, वाणी रसाळ, संस्कृतावर प्रभुत्व. परंतु पाय एका ठिकाणी ठरत नसे. मनाला लागले की निघाले. कोठे जातात, केव्हा येतील, ह्याचा घरच्यांना पत्ता नसे. राग जसा चटकन येई तसाच चटकन ओसरे. हातात आलेला पैसा दिसेल त्या गरजवंताला देऊन ते रिकाम्या हाताने घरी येत. लक्ष्मीबाईंनी हे सारे आपल्या पुस्तकात हसत हसत सांगितले आहे. परंतु ज्या वेळी ते घडले त्या वेळी त्या माउलीला हसू आले नसेल. ह्या चंचलपणाची खूणगाठ वाचकांनी बांधून ठेवावी, कारण पुढच्या कथेचे मर्म त्यात आहे.

१८९१ साली टिळक नागपुरास संस्कृत वाङ्मयाच्या भाषांतराच्या कामावर लागले. 'ऋषि' नावाचे एक मासिकही त्यांनी चालविले. ते अल्पायुषी ठरले. त्या सुमारास त्यांच्या मनात एका प्रश्नाने घर केले होते. ह्या देशातील माणसे जातीजातींत विभागली आहेत, त्यांना एकत्र बांधील असा धर्म कोणता? शास्त्रे पाहिली, पंथ पाहिले, समाधान होईना. १८९३ साली राजनांदगावकडे नोकरीसाठी जात असता आगगाडीच्या डब्यात त्यांची एका परदेशी मिशनऱ्याशी गाठ पडली. बोलणे काव्यावरून धर्मावर आले. त्या गृहस्थाने त्यांना बायबलची एक प्रत दिली. टिळकांनी ती वाचावयास घेतली आणि येशूचे गिरिप्रवचन जेथे आहे तेथे येऊन ते थबकले. शत्रूवर प्रीती करावी, उद्याची चिंता करू नये, ह्या शिकवणीने त्यांच्या अंतःकरणाचा ठाव घेतला.

येथे कथेकऱ्याला मोह होतो की त्या क्षणीच टिळक शरण गेले असे सांगून टाळी घ्यावी. वस्तुस्थिती तशी नाही. त्या भेटीनंतर जवळजवळ दोन वर्षे त्यांच्या मनाची ओढाताण चालली होती. एकीकडे पटलेले सत्य. दुसरीकडे पत्नी, लहान मुलगा दत्तू, आप्त, जात आणि लहानपणापासून अंगवळणी पडलेले सारे जग. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय तेहतीस वर्षांचे होते.

त्या काळी ह्या गोष्टीचा अर्थ काय होता, हे आजच्या पिढीला समजावून सांगावे लागेल. असा मनुष्य जातीतून उठला म्हणजे घरादारातून उठला. त्याच्या हातचे पाणी चालत नसे, त्याच्या पंक्तीला कोणी बसत नसे, आणि त्याची पत्नी सौभाग्यवती असूनही पतीवाचून राही. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला हेच आले. त्यांच्या वडिलांच्या घरचे सोवळे पराकोटीचे कडक होते. त्या संस्कारात वाढलेल्या बाईला नवरा बाटल्याची वार्ता कळली तेव्हा त्यांची स्थिती वेड्यासारखी झाली. लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. काही काळ त्या पंढरपुरातही होत्या. चार-साडेचार वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली.

ह्या ठिकाणी आमच्या श्रोत्यांतील बायका नेहमी एक प्रश्न करतात. देवाला शरण जाताना घरच्या माणसाला रडवावे, ही कसली शरणागती? प्रश्न सोपा नाही, आणि त्याला आम्ही सोपे उत्तर देत नाही. बुद्धाने यशोधरेला झोपेत सोडले. पित्याच्या वचनासाठी राम वनात गेला आणि मागे दशरथाने प्राण सोडला. थोरांच्या त्यागाची किंमत पुष्कळदा दुसऱ्यानेच मोजलेली असते. टिळकांच्या त्यागाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, हे लपवून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही. परंतु टिळकांनी पत्नीला टाकले नाही, हेही तितकेच खरे. ते तिच्याकडे येण्याचा प्रयत्न करीत राहिले, वाट पाहत राहिले. पूर्वीचा एका जागी न ठरणारा मनुष्य आता एकाच जागी खिळून वाट पाहत होता.

अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन त्यांच्याकडे, तेव्हाच्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास आल्या. मात्र आपले अन्नपाण्याचे नियम त्यांनी सोडले नाहीत. एका घरात पती ख्रिस्ती आणि पत्नी सोवळ्यातली, असा संसार सुरू झाला. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. पुढे जातिभेद हा देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्याच विचाराने उमगले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पत्नीचे मन तिचे तिला वळू देणे, ही ह्या शीघ्रकोपी मनुष्याची तपश्चर्याच म्हटली पाहिजे.

नगरात टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले, धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन केले. १९०४ साली त्यांना दीक्षित पाळक करण्यात आले. १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन पाहिले. घर सदैव भरलेले असे. अनाथ मुले, विद्यार्थी, चुकले-मुकले पाहुणे, साऱ्यांना तेथे ताट होते. बालकवी ठोंबरे ह्या घरात मुलासारखे राहिले. फुलांवर आणि मुलांवर लिहिलेल्या कवितांनी टिळकांना महाराष्ट्राच्या घराघरांत नेले. 'वनवासी फूल' हे त्यांचे काव्य रसिकांना ठाऊक आहेच. ज्यांनी त्यांना जातीबाहेर टाकले त्यांच्याच मुलाबाळांनी त्यांच्या कविता पाठ केल्या. काळ असा न्याय करतो.

परंतु टिळकांच्या मनाला एक शल्य होते. ख्रिस्ती उपासनेत परदेशी चालीची गाणी, परदेशी थाटाची पद्धत पाहून त्यांना वाटे की आपला येशू ह्या लोकांना परका का दिसावा? तो मूळचा पूर्वेकडचाच ना? मग त्यांनी अभंग रचले, भजने रचली, टाळमृदंगाच्या साथीने ख्रिस्तकथेची कीर्तने केली. मराठी ख्रिस्ती मंडळी आजही त्यांची कित्येक पदे उपासनेत गातात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. त्यांच्या 'अभंगांजली'तील आर्तता वारकऱ्याच्या कानाला परकी वाटत नाही. तीच दैन्याची कबुली, तोच लडिवाळ हट्ट, तीच मीपण विरून जाण्याची ओढ तेथे आहे. शरणागतीचे जे सहावे अंग, आपल्या दुबळेपणाची जाणीव, ते पंडिताला सर्वांत कठीण जाते. संस्कृताचा आणि वक्तृत्वाचा अभिमान असलेल्या ह्या पंडिताला ते हळूहळू, अभंग लिहिता लिहिता साधले.

आता चरित्राचा कळस. १९१७ साली टिळक पंचावन्न वर्षांचे होते. मान होता, नाव होते, मिशनचे वेतन होते. इतरांनी ह्या वयात पाय पसरले असते. टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोघांनाही ह्या दरबारात येशूचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावे, ही त्यांची कल्पना होती. परकीय मिशनच्या आश्रयावाचून, ह्या मातीच्या रीतीने आपल्या लोकांत राहावे, उत्तरायुष्य विरक्त वृत्तीने घालवावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. १८९५ साली त्यांनी जे सोडले ते जगाच्या दृष्टीने मोठे होते. जात, घर, नातीगोती त्यात होती. १९१७ साली सोडले ते एक वेतन. तरी आम्हांला दुसरा त्याग अधिक मोलाचा वाटतो. पहिल्या त्यागाच्या वेळी मनुष्य नव्या प्रेमाच्या भरात असतो. दुसऱ्या वेळी तो थकलेला असतो, संसाराचे गणित त्याला कळलेले असते, आणि ज्याला शरण गेलो त्याच्याच नावाने एक सुरक्षित कोपरा त्याला मिळालेला असतो. हा देवाच्या नावाचा कोपरा सुटणे फार कठीण. आम्हां कथेकऱ्यांना बिदागीचा आणि मानाच्या नारळाचा कोपरा सुटत नाही, हे आम्ही जाणतो. टिळकांना तो सुटला.

दरबाराचा संसार फार काळ चालावयाचा नव्हता. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांनी देह ठेवला. वय सत्तावन्न. लौकिक दृष्टीने पाहिले तर दरबार अपुरा राहिला, आणि 'ख्रिस्तायन' हे येशूचरित्राचे महाकाव्यही अपुरे राहिले; त्याचे दहाएक अध्यायच हातून झाले होते.

पण कथा तेथे संपत नाही. जिने कधी शाळेचे तोंड नीट पाहिले नव्हते, जिला लिहावाचावयाची गोडी पतीनेच लावली, त्या लक्ष्मीबाईंनी ते काव्य पुढे हाती घेतले. ज्या येशूच्या नावाने त्यांचे घर मोडले होते, त्याच येशूच्या चरित्राचे ६४ अध्याय त्यांनी रचले. 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून निघू लागले. १९३६ साली त्या निवर्तल्या आणि 'ख्रिस्तायन' १९३८ साली प्रसिद्ध झाले. एकाने शरणागती आरंभिली आणि जिला तिची झळ सर्वांत अधिक लागली तिने ती तडीस नेली.

आपल्या घराघरांतून संकल्प सुटतात. कोणी वारी धरतो, कोणी एकादशी, कोणी पारायण. पहिल्या वर्षी उत्साह असतो. मग घरात दुखणे येते, नोकरी जाते, मुलगा दुरावतो, आणि मन विचारते की इतके करून काय मिळाले? त्या घटकेला ज्याचे पाऊल पुढे पडते त्याची शरणागती खरी. टिळक जन्मतः स्थिर वृत्तीचे नव्हते, हे आम्ही आरंभीच सांगितले. ज्याला नोकरी, गाव आणि घर ह्यांपैकी काहीच फार दिवस धरून ठेवता आले नाही, त्याने एकच चरण चोवीस वर्षे धरून ठेवले. दुबळ्या हाताने इतके घट्ट धरता येत नाही. तो हात दुसऱ्या बाजूनेही धरलेला असला पाहिजे, अशी आमची श्रद्धा आहे. आज ज्या घरांत नाताळचे दिवे लागले आहेत त्या घरांतील बंधुभगिनींना आमचा नमस्कार, आणि सर्वांनाच आपापल्या देवाचे चरण शेवटच्या श्वासापर्यंत धरून ठेवण्याचे बळ लाभो, ही प्रार्थना.