कॉलराचे जंतू प्यायले, तरी ठणठणीत राहिले! कोण होते इल्या मेचनिकॉव्ह?

सोलापूर जिल्ह्यातलं, कर्नाटकच्या सीमेला खेटून असलेलं दुधनी. इथल्या घरात ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि दही ठरलेलंच. आणि केळी जरा जास्त पिकली की त्यावर चिलटंही ठरलेलीच. आता दही आणि चिलटं यांचा संबंध काय? त्यासाठी इल्या मेचनिकॉव्ह यांची गोष्ट बघावी लागते.

जन्म 1845 चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळचा. हुशार, पण मन फार हळवं. 1873 मध्ये पहिली पत्नी क्षयाने गेली, तेव्हा त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचले. पुढे 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. काही पेशी काट्याभोवती गोळा झाल्या. शरीर जंतूंशी कसं लढतं, याचं उत्तर तिथे सापडलं.

मग आलं 1892. युरोपात कॉलरा पसरला होता, मेचनिकॉव्ह पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होते. त्यांनी काय करावं? कॉलराचे जिवंत जंतू स्वतःच पिऊन टाकले. काहीच झालं नाही. मग इतरांनाही पाजले, त्यातला एक जण मात्र मरता मरता वाचला. आज असा प्रयोग केला तर थेट तुरुंगच.

पण प्रश्न खरा होता. जंतू तोच, मग एकाला काहीच नाही आणि दुसऱ्याच्या जिवावर का बेततं? मेचनिकॉव्ह यांनी काचेच्या बशीत कॉलराच्या जंतूंसोबत दुसरे जंतू वाढवून बघितले. काहींच्या सोबतीने कॉलरा फोफावला, काहींनी त्याला वाढूच दिलं नाही. म्हणजे पोटात आधीपासून कोण राहतंय, त्यावर बरंच काही ठरतं.

याच सुमारास ओडेसातला त्यांचा विद्यार्थीही पाश्चरमध्येच कॉलराची लस बनवत होता. वाल्डेमार हाफकिन. पुढे मुंबईत प्लेगची लस त्यांनीच काढली, परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

1908 मध्ये मेचनिकॉव्ह यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत नोबेल मिळालं. तोवर ते आंबवलेल्या दुधाच्या नादी लागले होते. आतड्यातले सडवणारे जिवाणू म्हातारपण आणतात आणि दह्यातले जिवाणू त्यांना रोखतात, असं त्यांचं म्हणणं. इथे त्यांनी जरा जास्तच ताणलं, मोठं आतडं तर त्यांना निरुपयोगीच वाटायचं. पण मूळ प्रश्न टिकला.

आज तोच प्रश्न औषधांना लागू होतो. पार्किन्सन्सवरचं लेवोडोपा घ्या. हे औषध मेंदूपर्यंत पोचायला हवं, पण आतड्यातले काही जिवाणू त्याचं वाटेतच डोपामाइन करून टाकतात. गोळी तीच, गुण मात्र वेगवेगळा.

माणसाच्या पोटात जिवाणूंचे शेकडो प्रकार, त्यातला नेमका कोण नडतोय हे कळणार कसं? इथे चिलटं कामाला येतात. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला. त्यांच्या आतड्यात मोजकेच प्रकार असतात, मुख्यतः दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद आणि व्हिनेगर बनवणारे. अंडी ब्लीचने धुतली, अन्न निर्जंतुक ठेवलं की दहाएक दिवसांत जिवाणूविना चिलटं तयार. मग काहींच्या पोटात एकच ठरावीक जिवाणू सोडायचा, काहींना तसंच ठेवायचं, औषध दोघांना सारखं द्यायचं आणि फरक बघायचा. माणसाला काही पाजायची गरज नाही.

मेचनिकॉव्ह रोज आंबट दूध प्यायचे. 1916 मध्ये, 71 व्या वर्षी ते पॅरिसमध्ये वारले. त्यांच्या अस्थींचा कलश पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवलेला आहे.