जॉन ओडोनोव्हन : नकाशावरील नावे आणि लोकस्मृती

जॉन ओडोनोव्हन (१८०६–१८६१) हा आयर्लंडच्या किल्केनी परगण्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा. वडील १८१७ मध्ये निवर्तले. जुन्या कथांची आणि वंशावळींची गोडी त्याला चुलत्याने लावली. १८३० मध्ये तो सरकारी भूमापन खात्यात दाखल झाला. मैलाला सहा इंच या प्रमाणात साऱ्या बेटाचा नकाशा तयार होत होता. त्यावरील हजारो स्थलनामांचे मूळ आयरिश रूप शोधणे हे त्याचे काम.

१८३४ पासून तो गावोगाव हिंडला आणि डब्लिनच्या कचेरीला पत्रे लिहीत राहिला. वस्तुतः नावांपुरता अहवाल पुरेसा होता. पण नाव विचारले की म्हातारे कथा सांगत. पवित्र विहिरींविषयीची त्याची पद्धत विशेष लक्षणीय आहे. विहिरीवर जत्रा कोणत्या दिवशी भरे, हे तो आवर्जून विचारी. तो दिवस प्राचीन संतपंचांगातील तिथीशी जुळला, म्हणजे गावाचा विस्मृत संत निश्चित होई. कित्येक ठिकाणी धर्मगुरूंनीच दारू व मारामाऱ्या यांच्या कारणास्तव जत्रा बंद पाडल्या होत्या. तिथी मात्र लोकांच्या ध्यानी होती. (विहिरीभोवती सूर्यगतीने फिरण्याची व झाडाला चिंध्या बांधण्याची रीत भारतीय वाचकाला अपरिचित वाटू नये.) पडक्या गढीचा विध्वंस लोक सहसा क्रॉमवेलच्या माथी मारीत. ओडोनोव्हन ते टिपून घेई आणि गढी कोणत्या घराण्याची, याचा निर्णय जुन्या वर्षवृत्तांवरून करी. भाबडेपणा त्याला खपत नसे. पत्रांतून तो पुष्कळदा चिडलेला दिसतो.

त्याच्या कार्यातील विसंगती नजरेआड करता येत नाही. ज्या हाताने त्याने शुद्ध आयरिश रूप नोंदवले, त्याच हाताने नकाशासाठी त्याचे इंग्रजी वळणाचे रूपही ठरवून दिले. ‘तोबर’ म्हणजे विहीर. नकाशावर तिचे ‘टबर’ झाले, आणि अर्थ वहीतच राहिला.

१८४२ मध्ये खात्याचा हा विभाग खर्चाच्या सबबीवर मोडण्यात आला. तीनच वर्षांनी बटाट्याचे पीक बुडाले. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देशोधडीला लागली. सर्वाधिक झळ आयरिशभाषी पश्चिमेला बसली, म्हणजे कथा सांगणाऱ्यांनाच.

पुढे ‘चार आचार्यांची वर्षवृत्ते’ त्याने सात खंडांत संपादिली (१८४८–५१). बेलफास्टला प्राध्यापकपद मिळाले, पण विद्यार्थी जवळजवळ नव्हतेच. डिसेंबर १८६१ मध्ये डब्लिन येथे त्याचे निधन झाले. पत्रे रॉयल आयरिश अकादमीत हस्तलिखित स्वरूपात राहिली. त्यांच्या टंकलिखित प्रती विसाव्या शतकात निघाल्या.