डॉ. मेघनाद साहा : ताऱ्यांचा प्रकाश वाचणारा शास्त्रज्ञ

परक्या घराच्या आणि वसतिगृहाच्या आधारावाचून ज्यांचे शिक्षण झालेच नसते, अशा थोरांपैकी एकाचे स्मरण आम्ही या स्मरणिकेत करीत आहोत.

मेघनाद साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवडाताली या खेड्यात झाला. वडील किरकोळ दुकानदार; जात समाजरचनेत खालची मानलेली. पुढची शाळा सुमारे दहा किलोमीटरवर होती. तेथील एका डॉक्टरने मुलाला घरी ठेवून घेतले. अट एवढीच की, त्याने आपली ताटवाटी स्वतः धुवावी आणि गाय सांभाळावी. ढाक्याच्या शाळेत गव्हर्नरांच्या भेटीवर बहिष्कार घातल्याने शिष्यवृत्ती गेली, तरी शिक्षण थांबले नाही. १९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. तेथील वसतिगृहात उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांना पंगतीला बसू दिले नाही. हा अपमान गिळून त्यांनी गणितात प्रावीण्य मिळविले.

त्यांचे कार्य समजण्यासाठी चुलीकडे पाहावे. जाळावर मीठ पडले की ज्वाला पिवळी होते. तो रंग मिठातील सोडियमचा. वर्णपटदर्शकातून तेथे ठळक पिवळ्या रेषा दिसतात. हा उत्सर्जन वर्णपट. अधिक तप्त उगमाचा पांढरा प्रकाश सोडियमच्या तुलनेने थंड वाफेतून गेला, तर नेमक्या त्याच जागी काळ्या रेषा उमटतात. हा शोषण वर्णपट. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या, हे १८५९ च्या सुमारास किरखोफ आणि बन्सन यांनी दाखविले आणि सूर्यात काय आहे, हे पृथ्वीवरून कळू लागले.

तरी एक कोडे उरले. १८९८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी आपल्या कोकणातील विजयदुर्गावरून सूर्याच्या कडेचे वर्णपट टिपले, तेव्हाही ते सुटलेले नव्हते. सूर्यातील काही रेषा भलत्याच ठळक होत्या, तर रुबिडियमसारख्या मूलद्रव्याच्या दिसतच नव्हत्या. १९२० साली साहांनी उत्तर दिले. उष्णता जास्त आणि दाब कमी असेल, तर अणूतून इलेक्ट्रॉन निसटतो आणि अणूच्या रेषाच बदलतात. किती अणूंचे असे होईल, याचे समीकरण त्यांनी मांडले. सूर्यावरील डाग तुलनेने थंड असतात. तेथे रुबिडियम दिसेल, असे त्यांनी सांगितले आणि पुढे ते खरोखर सापडले. १९२७ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९५२ साली लोकसभेवर निवडून गेले.

१६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी आपल्या चांद्यात धम्मदीक्षा दिली. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होते.

रेषा दिसत नाही म्हणून मूलद्रव्य नाही, असे नव्हे; परिस्थिती तपासावी लागते. जंगलातील गावातून आलेले मूल वर्गात महिनोन्‌महिने गप्प राहते, तेव्हा त्याला मंद ठरविण्याची घाई आमच्याही हातून झाली आहे. अशांपैकी काही आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत. त्यांना उजळण्यास हवे होते ते दोन वेळचे जेवण, हक्काचे छप्पर आणि सर्वांची एकच पंगत. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी ही पंगत मोडू देऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.