विश्लेषण : प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्यावर १९ मृत्यूंचा ठपका का आला?

परळची हाफकिन संस्था मुंबईकरांना ठाऊक असते ती पोलिओच्या डोसमुळे किंवा सर्पदंशावरच्या औषधामुळे. संस्थेला ज्यांचे नाव दिले, ते वाल्देमार हाफकिन डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्र शिकलेले जीवाणुतज्ज्ञ होते. इंजेक्शन देताना झालेली एक साधी चूक त्यांना कशी भोवली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथील ज्यू कुटुंबात झाला. रशियात ज्यू माणसाला प्राध्यापकी मिळणे जवळपास अशक्य होते. त्यामुळे ते जिनिव्हामार्गे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले आणि तिथे आधी ग्रंथपालाचे साहाय्यक म्हणून लागले. १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार करून पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्यात आले.

मुंबईत काय घडले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रुग्ण असल्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. लोक शहर सोडून पळू लागले. सरकारने हाफकिन यांना मुंबईत बोलावले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली व व्हरांडा दिला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत लस तयार झाली.

पद्धत समजायला सोपी आहे. मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवायचे. जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत. मग सगळे तापवून जंतू मारायचे. हे मेलेले जंतू म्हणजेच लस.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घन सेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. नेहमीच्या डोसपेक्षा ही मात्रा कितीतरी जास्त होती. ताप आला, पण काम थांबले नाही. महिनाअखेरीस भायखळा तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जवळपास निम्मे कैदी लस घ्यायला तयार झाले. टोचल्यानंतरच्या दिवसांत लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला. न घेतलेल्यांपैकी बारा जणांना झाला आणि त्यातले सहा दगावले. त्याच काळात पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. १० मार्च १८९७ ची ती तारीख. लस होती, पण ती लोकांपर्यंत पोहोचायची होती.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली.

पंजाबात कुठे चूक झाली?

मागणी वाढली तशी उत्पादनाची पद्धत बदलावी लागली. पंजाबमधील मोठ्या मोहिमेसाठी हाफकिन यांनी जलद पद्धत वापरली. तिच्यात लसीत कार्बोलिक आम्ल मिसळत नसत. जंतू मारण्याचे काम उष्णतेवरच सोडले होते. पॅरिसमध्येही हाच मार्ग वापरात होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या गावात १०७ जणांना लस टोचली गेली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. हे सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. ५३-एन हा त्या बाटलीचा क्रमांक. इतर बाटल्यांमधून टोचलेल्यांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही.

चौकशीसाठी मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळला, दूषित झाली असावी, असा आयोगाचा कल राहिला. कार्बोलिक आम्ल वगळल्याचाही दोष हाफकिन यांच्याकडे आला. त्यांना संचालकपद गमवावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

खरा मुद्दा आयोगापुढच्या साक्षीतच होता. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो उकळला नाही की ज्योतीवर धरला नाही. कार्बोलिक द्रावणात नुसता बुचकळून पुन्हा वापरला. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. त्यांचे बीजाणू इतके चिवट असतात, की अशा क्षणभराच्या बुडवणीने ते मरत नाहीत.

मग निर्दोषत्व कसे सिद्ध झाले?

वासाने. लस तयार होऊन ४१ दिवस झाले होते. इतके दिवस धनुर्वाताचे जंतू बाटलीत वाढत असते तर ती उघडताच उग्र दुर्गंधी सुटली असती. बाटली हाताळणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता. दुसरे म्हणजे, तेवढ्या काळात साठलेल्या विषाने लक्षणे लवकर दिसली असती. प्रत्यक्षात ती सुमारे आठवड्याने दिसली. याचा अर्थ जंतू बाटलीत शिरले ते टोचण्याच्या दिवशीच.

हा युक्तिवाद लढवला मलेरियावरील संशोधनासाठी नोबेल मिळालेल्या रोनाल्ड रॉस यांनी. आयोगाचे कागद प्रसिद्ध व्हायलाच चार वर्षे गेली होती. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा तज्ज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या द टाइम्समध्ये छापून आले. फ्रान्समधील ड्रेफस खटला तेव्हा ताजा होता. त्यामुळे ज्यू शास्त्रज्ञावरच्या या आरोपालाही छोटे ड्रेफस प्रकरण म्हटले जाऊ लागले. नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने ठपका मागे घेतला.

हाफकिन कलकत्त्याला परतले. मात्र लसीच्या चाचण्या घेण्याची मोकळीक त्यांना पूर्वीसारखी मिळाली नाही. काही वर्षांत ते निवृत्त होऊन युरोपात गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धार्मिक शाळांमधील शिक्षणासाठी ठेवली होती.